लोकलमधला सव्वा तास आणि हातातला मोबाइल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या सभेत चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसबाईंनी केली, तेव्हा मी त्यांना साफ सांगितले की, मी काही व्याख्याती नव्हे. सकाळी धावतपळत गाडी पकडणारी आणि दिवेलागणीनंतर घरात पाऊल टाकणारी मी एक नोकरदार बाई. माझ्यापाशी सांगण्यासारखे काय असणार? त्यावर त्या म्हणाल्या, "मग गाडीतलेच सांगा. हल्ली गाडीत सगळ्या माना खाली घालून मोबाइलमध्ये काय बघत असतात, ते तरी आम्हा घरी बसणाऱ्यांना कळू दे." आज्ञा मोडवेना, म्हणून उभी राहिले आहे.

प्रथम थोडा हिशेब मांडते. हिशेब लिहिणे हाच माझा धंदा असल्यामुळे त्याची मला सवय आहे. डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे आपल्या जुन्या व्ही.टी.ला जायला मला सुमारे सव्वा तास लागतो. जाऊन-येऊन अडीच तास झाले. वर्षाचे कामाचे दिवस २८० धरले, तर ७०० तास होतात. त्यांना चोवीसाने भागा. दिवसरात्र मिळून २९ दिवस! याचा अर्थ, वर्षाच्या बारा महिन्यांतला जवळजवळ एक अख्खा महिना मी रुळांवर काढते. आपल्या मंडळातल्या निम्म्या भगिनींची गत हीच असेल. तेव्हा हा महिना कसा जातो आणि मुख्य म्हणजे तो कोणाचा असतो, हा प्रश्न काही किरकोळ नाही.

आपल्या या गाडीचा इतिहास मोठा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली उतारूंची गाडी धावली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणपर्यंत आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यापर्यंत हार्बरच्या मार्गाने विजेची गाडी सुरू झाली. आणि ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांसाठी गाडी निघाली. वाफ गेली, वीज आली, डबे वाढले. पण बायकांच्या डब्यातला संसार मात्र फार वर्षे तसाच होता. "कुठे उतरणार?" या प्रश्नाने ओळख व्हायची. घाटकोपरला उतरणारी जागा मुलुंडलाच कोणाच्या तरी नावावर लागायची. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकून मेथी निवडली जायची, लोकरीचे टाके पडायचे, मंगळवारी आरती आणि गुरुवारी भजन व्हायचे. नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या आणि संक्रांतीला तिळगूळ. कोणाच्या मुलीचे जमले, कोणाच्या सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, याची खबर दादर यायच्या आत डबाभर पोहोचलेली असे.

या डब्यात मोबाइल आला. आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. त्यामुळे तो साहेबलोकांचा दागिना होता. पुढे तो स्वस्त झाला, त्यावर चित्रे दिसू लागली, आणि आता पोळ्या लाटायला जाणाऱ्या बाईपासून बँकेतल्या मॅनेजरबाईपर्यंत सर्वांच्या हातात तो आहे. शिवाय तो वायफाय पकडणारा आहे.

हे वायफाय म्हणजे काय, असे मला परवा शेजारच्या आजींनी विचारले. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी, पण थोडक्यात सांगते. रेडिओच्या लहरी आपल्याला नव्या नाहीत. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्याला तारेवाचून लहरी पाठवून दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती. वायफाय हे त्याच कुळातले. भिंतीवर बसवलेल्या एका लहानशा पेटीतून लहरी निघतात. त्या सेकंदाला सुमारे २४० कोटी किंवा ५०० कोटी वेळा कंप पावतात. आपल्या मोबाइलमधला तसाच एक भाग त्यांना उत्तर देतो. १९९७ साली या व्यवस्थेचे पहिले नियम ठरले आणि १९९९ साली तिला वायफाय हे नाव मिळाले. आपल्याला कौतुक वाटेल अशी एक गोष्ट यात आहे. लहरी एका जागी न ठेवता सारख्या उड्या मारत बदलायच्या, म्हणजे शत्रूला त्या अडवता येत नाहीत, ही कल्पना हेडी लामार या नटीने आपल्या एका संगीतकार सहकाऱ्याबरोबर मांडली आणि १९४२ साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळवले. वायफाय तिनेच शोधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण १९९७ च्या त्या पहिल्या नियमांत अशा उड्या मारण्याचीही एक पद्धत होती, हे खरे.

आता मुद्द्याची गोष्ट. या पेटीचा पल्ला असतो काही दहा-वीस मीटरांचा, फार तर थोडा अधिक. म्हणून स्टेशनवरचे वायफाय हे फलाटावर उभ्या असलेल्या बाईचे, धावत्या गाडीतल्या बाईचे नव्हे. आपली लोकल स्टेशनात थांबते अर्धा मिनिट. तेवढ्यात मोबाइलने वायफाय शोधायचे, आपण नंबर घालायचा, त्यावर आलेला परवलीचा आकडा टाकायचा, तोवर गाडीने फलाट सोडलेला असतो. धावत्या गाडीत जे इंटरनेट चालते ते मोबाइल कंपन्यांच्या मनोऱ्यांवरून येते. एका मनोऱ्याने दुसऱ्याच्या हाती आपल्याला सोपवावे, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, असा तो प्रकार आहे. एकाच वेळी हजारो माणसे एकाच मनोऱ्यापाशी गर्दी करतात, म्हणून मधूनच चित्र गोल गोल फिरत राहते. त्यात मोबाइलचा दोष नाही आणि आपलाही नाही.

स्टेशनावरचे वायफाय कसे आले, तेही ऐकण्यासारखे आहे. जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेच्या रेलटेल या कंपनीने गूगलच्या साहाय्याने त्याची सुरुवात केली, ती आपल्या मुंबई सेंट्रल स्टेशनवर. जून २०१८ पर्यंत ४०० स्टेशने झाली. २०२० मध्ये गूगलने अंग काढून घ्यायचे ठरवले, पण रेलटेलने काम सोडले नाही. आता ६ हजारांहून अधिक स्टेशनांवर ही सोय आहे. दिवसाचा पहिला अर्धा तास फुकट, सेकंदाला एक मेगाबिट या गतीने. मी हिशेब करून पाहिला. एवढ्या अर्ध्या तासात, काही अडथळा आला नाही तर, सव्वादोनशे एमबी मजकूर उतरतो. चित्रपट काही त्यात मावणार नाही. पण नुसत्या आवाजाचे धडे म्हणाल, तर पाच-सात सहज मावतात. अधिक हवे असेल त्याला पैसे पडतात. मार्च २०२१ मध्ये दर जाहीर झाले, तेव्हा एका दिवसाच्या ५ जीबीला १० रुपये होते.

कोणी म्हणेल, हल्ली प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये नेट असतेच, मग या अर्ध्या तासाचे कौतुक कशाला? ज्यांचे रिचार्ज महिनाअखेर संपते त्यांना विचारा. कळव्याहून मुलुंडला चार घरच्या पोळ्या करायला जाणारी एक मुलगी आमच्या डब्यात असते. नववीत शाळा सुटली, पुढे लग्न झाले. आता ती १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसली आहे. घरी मोबाइल नवऱ्याच्या आणि मुलाच्या हातात. तिच्या वाट्याला येतो तो कामावर जाताना. ती गाडीच्या वेळेआधी वीस मिनिटे फलाटावर येते, स्टेशनच्या वायफायवर इतिहासाचे नाहीतर विज्ञानाचे धडे उतरवून घेते आणि गाडीत उभ्याउभ्या कानाला लावून ऐकते. तिचे स्टेशन येईपर्यंत एक धडा होतो. रिचार्ज असो वा नसो, उतरवून घेतलेला धडा कोणी हिरावून घेत नाही. कधी वायफाय रुसले, तर डब्यातली कोणीतरी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून तिला नेट देते. पूर्वी शेजारणीला वाटीभर साखर द्यायची, तसे हे.

अशीच एक गोष्ट २०१८ साली वर्तमानपत्रांत आली होती. केरळात एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने ओझी वाहता वाहता, स्टेशनच्या वायफायवरून धडे ऐकून, त्या राज्याच्या लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा दिली आणि तो पास झाला. केवढी थोर गोष्ट! पण मोबाइलवर फिरता फिरता तिचे काय झाले पाहा. पुढे तो हमाल कलेक्टर झाला म्हणून सांगू लागले. खरे होते तेच पुरेसे मोठे होते, पण ते लोकांना पुरले नाही. तेव्हा भगिनींनो, गाडीत बसून आलेला निरोप पुढे ढकलण्यापूर्वी एक स्टेशन जाऊ द्यावे. एवढ्या वेळात पुष्कळ खोटे आपोआप उघडे पडते.

मोबाइलचे उपकार मी नाकारत नाही. २६ जुलै २००५ चा प्रलय आपण सगळ्यांनीच पाहिला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, फोन लागेनात, आणि घरोघर माणसे रात्रभर दाराशी बसली. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पुरात अडकली. हजारावर उतारू होते, त्यांत गरोदर बायकाही होत्या. त्यांनी मोबाइलवर काढलेली पाण्याची चित्रे बाहेर पोहोचली, आणि २७ जुलैला बोटी आणि हेलिकॉप्टरे मदतीला आली. माहेरी नाहीतर सासरी "मी सुखरूप आहे" हे चार शब्द पोहोचणे ही केवढी गोष्ट आहे, ते अडकून पडलेल्या बाईलाच कळते.

असे असूनही आज मी तक्रारीच्या सुरात बोलणार आहे, आणि ती तक्रार मोबाइलविरुद्ध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, हा सव्वा तास कोणाचा?

घरातून निघेपर्यंतचा वेळ घराचा. कचेरीत पोहोचल्यावरचा वेळ कचेरीचा. मध्ये जो सव्वा तास उरतो, तोच काय तो बाईचा स्वतःचा, असे आपण पूर्वी म्हणत होतो. खरे पाहता तोही पुरता आपला नव्हता. मेथी निवडणे हे गाडीतले असले तरी घरचेच काम होते. पण मेथीची जुडी निवडून संपत असे. मोबाइलमधले काम संपत नाही. एका खासगी कंपनीत असलेली आमची एक सोबतीण साडेसहाला सुटते. पण गाडीत बसल्याबरोबर साहेबांचा निरोप येतो, "तेवढा तक्ता दुरुस्त करून पाठवा." मांडीवर पर्स, पर्सवर मोबाइल, आणि बोटाने आकडे सारत ती कल्याणपर्यंत काम करते. ते तास कोणत्याही हजेरीपटावर लागत नाहीत. त्यातच घरून फोन येतो, "आई, भाजी कसली करायची?" म्हणजे एका कानाने स्वयंपाकघर आणि दुसऱ्या कानाने कचेरी! पूर्वी गाडी सुटली की आपण कोणाला सापडत नसू. आता मनोऱ्यामागून मनोरे आपल्याला शोधत येतात.

याला उपाय नाही असे मात्र नाही. त्या सोबतिणीला आम्ही सर्वांनी मिळून धीर दिला. तिने साहेबांना नम्रपणे सांगितले की, गाडीतल्या गर्दीत आकडे चुकतात, सकाळी आल्याबरोबर करून देईन. साहेब दोन दिवस फुरंगटले आणि तिसऱ्या दिवशी सवय झाली. घरीही तसेच. मुलगा पंधरा वर्षांचा झाला, त्याला भाजी ठरवता येते. जे काम थांबवले तर कोणाचे काही अडत नाही, ते गाडीत करू नये, असा साधा नियम मी सुचवते.

आता ज्या गोष्टीचे मला सर्वांत अधिक वाटते ती सांगते.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ठाण्याला एक तरुण मुलगी गाडीत चढली. सातवा महिना तरी असावा. कडी धरून उभी होती. समोरच्या बाकावर चार जणी, चौघींच्या माना खाली आणि कानात बोंडे. मुलुंड गेले, भांडुप गेले. शेवटी टिकल्या-पिना विकणारी एक बाई तिच्या टोपलीसकट मध्ये आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं बायांनो, जरा वर बघा की!" माना वर झाल्या मात्र, चौघींपैकी तिघी एकदम उठल्या. आता या बायका का निष्ठुर होत्या? मुळीच नाही. मने जागच्या जागी होती, नजर तेवढी खाली होती. आणि बायकांच्या डब्यात नजर खाली असणे परवडत नाही. आपल्या डब्यात सोबत असते ती पहाऱ्यावरच्या शिपायाची जेवढी, त्याहून अधिक एकमेकींच्या डोळ्यांची.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आमच्याच गटातल्या एकीविषयी ती आहे, आणि तिची परवानगी घेऊनच मी सांगते. नाव सांगत नाही. आमच्या गटाने दोन वर्षांपूर्वी एक रिवाज पाडला होता : ठाण्यापर्यंत मोबाइल, ठाण्यापुढे माणसे. डोंबिवली ते ठाणे ज्याने त्याने आपले निरोप पाहावेत, बातम्या वाचाव्यात, गाणे ऐकावे. ठाणे आले की मोबाइल पर्समध्ये. परीक्षेचा अभ्यास करणारीला माफी, आणि ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांनाही. सक्ती कोणावरच नाही. पण ही सोबतीण काही दिवस ठाण्यानंतरही मोबाइल ठेवीना. विचारले तर "कामाचे आहे" म्हणायची. एके दिवशी आमच्यातल्या सर्वांत वडील बाईंनी तिच्या हातावर नुसता हात ठेवला आणि म्हणाल्या, "कामाचे असू दे गं, पण तू डबा का उघडत नाहीस हल्ली?" तेवढ्याने ती रडू लागली.

तिची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. घरी सांगायचा धीर होत नव्हता. नवऱ्याचा धंदा बसलेला, मुलाच्या कॉलेजची फी भरायची. म्हणून ती रोज नेहमीच्या गाडीने, नेहमीसारखा डबा घेऊन मुंबईला यायची आणि स्टेशनच्या बाकावर बसून तिथल्या वायफायवर नोकरीच्या जाहिराती पाहायची, अर्ज पाठवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. दोन महिने ती आमच्या मांडीला मांडी लावून बसत होती. माना खाली असत्या, तर आणखी दोन महिने कळले नसते.

त्या दिवशी दादर येईपर्यंत पाच जणींनी पाच ठिकाणे सुचवली. त्यातल्या एका ठिकाणी, एका औषधाच्या घाऊक दुकानात, बिले करण्याचे काम तिला तीन आठवड्यांत मिळाले. अर्ज तिने मोबाइलवरूनच पाठवला, मुलाखतीचा निरोपही मोबाइलवरच आला. तेव्हा यश कोणाचे म्हणाल तर दोघांचेही. पण जागा आहे ही बातमी वायफायवरून आली नव्हती. ती शेजारच्या बाईच्या तोंडून आली होती. आणि घरी सांगायला बळ आले, तेही मनोऱ्यावरून नव्हे.

आणखी एक विनंती. गाडीत जागेवरून बाचाबाची होते, कोणाचा पदर सुटतो, कोणी थकून तोंड उघडे टाकून झोपते. हल्ली लगेच कोणीतरी मोबाइल उगारून चित्र घेते आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर होते. भगिनींनो, तो डबा म्हणजे आपले माजघर आहे. माजघरातल्या गोष्टी कोणी ओसरीवर टांगत नाही. भांडण होत असेल तर सोडवावे. खरोखर गुन्हा घडत असेल तर चित्र पोलिसांना दाखवावे, जगाला नव्हे. तसेच, मालिका पाहायची तर कानाला लावून पाहावी. सासू-सुनेचे भांडण घरी फुकट ऐकायला मिळते, ते गाडीत मोठ्या आवाजात कशाला?

आता सावधगिरीच्या चार गोष्टी भरभर सांगते.

गाडीत चढताना, उतरताना, जिन्यावर आणि फलाटाच्या कडेला मोबाइल पर्समध्येच असावा. कानात बोंडे घालून रूळ ओलांडणे म्हणजे तर मरणाला हाक मारणे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले उतारू खाली पडले आणि त्यांतल्या काहींचे प्राण गेले. तिथे मोबाइलचा प्रश्न नव्हता, गर्दीचा होता. पण जिथे मुळातच धड उभे राहायला जागा नाही, तिथे एक हात आणि दोन्ही डोळे मोबाइलला देऊन टाकणे कसे परवडेल?

दारात किंवा खिडकीशी मोबाइल धरू नये. रुळांच्या कडेला काठी घेऊन उभे राहणारे चोर हातावर फटका मारतात, त्यांना फटका गँग असेच नाव पडले आहे. मोबाइल पडला म्हणून उडी मारू नये. मोबाइल दुसरा मिळेल. त्याऐवजी आजच घरी जाऊन एक करा : मोबाइलवर *#०६# असे दाबा. १५ आकडी क्रमांक दिसेल. तो वहीत लिहून ठेवा. मोबाइल गेला तर पोलिसांत तक्रार देऊन, या क्रमांकाच्या आधारे, सरकारच्या 'संचार साथी' या व्यवस्थेतून तो बंद पाडता येतो.

स्टेशनच्या वायफायवर धडे घ्या, बातम्या वाचा, पण बँकेचे व्यवहार तिथे करू नका. स्टेशनच्या नावासारखेच नाव आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला देणे कोणत्याही लबाडाला सहज शक्य आहे. नावाला भुलून आपण त्याच्या दारात शिरतो आणि त्याने पुढे केलेल्या पानावर आपली माहिती भरतो. पैशाचे काम आपल्या स्वतःच्या नेटवरून, घरी बसून करावे. परवलीचा आकडा कोणालाही, अगदी बँकेच्या नावाने बोलणाऱ्यालाही, सांगू नये. फसवणूक झालीच, तर लाजून घरात बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची आशा अधिक. गाडीत मदत हवी असेल तर रेल्वेचा १३९ आणि रेल्वे पोलिसांचा १५१२ हे दोन्ही क्रमांक पाठ असावेत. नुसते मोबाइलमध्ये साठवून भागत नाही, कारण मोबाइलच गेला तर?

शेवटी एक सूचना मांडते आणि पुरे करते. आपल्या मंडळाने आजवर शिवणाचे, पाककृतींचे, अक्षरओळखीचे वर्ग चालवले. त्याच ओळीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी दोन तास मोबाइलचा वर्ग सुरू करावा. ज्या नोकरी करतात त्यांनी शिकवावे, ज्या घरी असतात त्यांनी शिकावे. वायफाय कसे जोडावे, धडा कसा उतरवून ठेवावा, हॉटस्पॉटला कुलूप कसे घालावे, खोटा निरोप कसा ओळखावा, गाडीचे तिकीट मोबाइलवर कसे काढावे, एवढे दोन-तीन शनिवारांत येते. पहिल्या वर्गाला मी स्वतः येईन. दहावीला बसलेल्या त्या कळव्याच्या मुलीलाही बोलावू या. गणितात ती अडते, आणि आपल्यात निवृत्त शिक्षिका निदान चार तरी आहेत. वायफायवरचा मास्तर उत्तम समजावून सांगतो, पण उदाहरण कुठे चुकले ते वही पाहून सांगणारे माणूसच लागते.

आणि ज्या रोज गाडीने जातात त्यांनी आपापल्या गटात एखादे स्टेशन ठरवून टाकावे. आमचे ठाणे आहे, तुमचे मुलुंड असेल, कोणाचे कुर्ला. त्या स्टेशनानंतर मान वर. सुरुवातीला चार दिवस काय बोलावे ते सुचणार नाही. मग कोणीतरी डबा उघडेल, कोणीतरी लोणच्याची फोड पुढे करेल, आणि पुढचे आपोआप होईल.